बिनचूकपणाचं ओझं

बँकेतल्या नोकरीच्या शेवटच्या आठ-दहा वर्षांत मला अधूनमधून मुलाखतींच्या मंडळावर बसावं लागे. समोरच्या उमेदवाराला कुणीतरी हमखास विचारी, ‘तुमचा एखादा दोष सांगा.’ आणि दहातले सहा-सातजण किंचित लाजत, पण आतून खुशीत, एकच उत्तर देत, ‘मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे.’ दोष विचारला तर दागिना काढून दाखवावा, तसा हा प्रकार. ‘मी आळशी आहे’ किंवा ‘मला पटकन राग येतो’ असं कुणी म्हणत नसे. मंडळावरचे लोकही कौतुकाने मान डोलवत.

ज्यांना हा विकार खरोखरच जडलेला असतो, ती माणसं मात्र असं कधी बोलून दाखवत नाहीत. तो आपल्याला आहे, हेच मुळी त्यांना ठाऊक नसतं. आपण कमी पडतो, एवढंच ठाऊक असतं.

मराठीत याला नेमका शब्द सापडत नाही. ‘परिपूर्णतेचा ध्यास’ म्हटलं की ती स्तुती होते. ‘चिकित्सकपणा’ ही वेगळी गोष्ट. त्यातल्या त्यात जवळचा शब्द आमच्या आजीच्या तोंडचा, सोवळं. सोवळ्याचा स्वभाव असा, की नव्याण्णव गोष्टी सांभाळल्या आणि एका ठिकाणी नुसता स्पर्श झाला, तरी सगळंच ओवळं. थोडंसं बिघडलं, बाकी ठीक आहे, अशी सोयच त्यात नाही. स्वयंपाकघरातलं सोवळं बहुतेक घरांतून गेलं. कामातलं सोवळं मात्र वाढतंच आहे, अशी माझी समजूत आहे.

इथे एक घोळ आधी निस्तरला पाहिजे. मी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बँकेत लागले, तेव्हा आमच्या शाखेत संगणक यायचे होते. बचत खात्यांची जाडजूड लेजरं, हाताने केलेल्या नोंदी, हाताने मारलेल्या बेरजा. बॅलन्सिंगच्या वेळी सगळ्या खात्यांच्या शिलकांची बेरीज जनरल लेजरमधल्या आकड्याशी जुळली पाहिजे. पैशाचा फरक आला तरी तो शोधायचा. जुन्या मंडळींकडे त्याच्या युक्त्या असत. फरकाला नवाने भाग जातोय का बघा. जात असेल तर कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत, ५४ च्या जागी ४५. फरकाची रक्कम सम असेल तर तिची निम्मी रक्कम शोधा. जमेची नोंद नावे पडली असेल. रात्री आठ-साडेआठला कुठल्यातरी टेबलावरून ‘सापडला!’ अशी आरोळी उठे आणि सगळी शाखा सुटकेचा श्वास टाके.

याला मी परफेक्शनिझम म्हणणार नाही. हा अचूकपणा. अचूकपणाला ताळा असतो. ताळा जमला की दिवे मालवायचे, लोकल पकडायची आणि घरी जाऊन शांत झोपायचं. परफेक्शनिस्ट माणसाच्या कामाला ताळाच नसतो. पत्र पुरेसं चांगलं झालं का? घर पुरेसं आवरलं का? मी पुरेशी चांगली आई आहे का? हे आकडे जुळवायचे कशाशी? जुळवायला समोर असते फक्त लोकांची नजर, तीही आपण मनात कल्पिलेली. त्यामुळे ‘सापडला!’ ही आरोळी तिथे कधी ऐकू येत नाही आणि त्या शाखेचे दिवे रात्रभर जळत राहतात.

आमच्या एका शाखेत कर्जविभागात एक सहकारी होते. अक्षर मोत्यासारखं, इंग्रजी नोटिंग असं की वरच्या कार्यालयातले लोक नमुना म्हणून ठेवून घेत. पण त्यांच्या टेबलावरून कागद हलत नसे. लाच नाही, आळस तर नाहीच. ते प्रत्येक प्रस्ताव तीन-तीनदा लिहून काढत. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी दोन यंत्रांसाठी कर्ज मागितलं होतं. दिवाळीच्या आधी मिळालं असतं तर हंगाम साधला असता. मंजुरी आली दिवाळीनंतर. बाई काही बोलल्या नाहीत. सही केली आणि गेल्या. त्या संध्याकाळी ते सहकारी मला म्हणाले, ‘मॅडम, कागद पाठवला की संपलं. मग तो आपल्या हातात राहत नाही. कुणीही काहीही काढू शकतं त्यातून.’ बढतीच्या परीक्षेला ते कधी बसले नाहीत. अभ्यास पुरा झाला नाही, असं दर वर्षी म्हणत.

पाठवलं की संपलं. एका वाक्यात सगळा आजार आहे. यात चांगल्या कामाचं प्रेम किती आणि आपल्यावर शेरा पडेल याचं भय किती, हे वाचकांनीच ठरवावं. २००२ साली रॉझ शाफ्रान, झफ्रा कूपर आणि ख्रिस्तोफर फेअरबर्न या मानसशास्त्रज्ञांनी या विकाराची जी व्याख्या केली, तिचा गाभाही हाच आहे. माणूस उंच अपेक्षा ठेवतो, एवढ्याने तो आजारी ठरत नाही. त्या अपेक्षा पुऱ्या होण्यावरच तो स्वतःची सगळी किंमत टांगून ठेवतो आणि नुकसान दिसत असूनही ते सोडू शकत नाही, तेव्हा तो आजारी असतो.

त्याआधी १९९१ मध्ये पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या कॅनडातल्या दोघांनी या प्रवृत्तीचे तीन प्रकार मांडले होते. स्वतःकडून पूर्णत्व मागणं, इतरांकडून मागणं, आणि लोक आपल्याकडून ते मागताहेत असं वाटत राहणं. पुढे २०१९ साली टॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१ हजारांहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातली माहिती एकत्र करून पाहिली. तिन्ही प्रकार वाढलेले दिसले, आणि सर्वांत जास्त वाढला होता तो तिसरा, लोक मागताहेत असं वाटण्याचा.

आपल्या घरांतलं चित्र पाहायला एवढ्या लांब जायचं कारण नाही. दहावीला ९६ टक्के मिळवून आलेल्या पोरीला ‘गणितातले दोन कुठे गेले?’ असं विचारणारे काका प्रत्येक कुटुंबात एक तरी असतातच. कला-क्रीडेचे वाढीव गुण धरून शंभर टक्के मिळवणारी मुलंही आता राज्यात निघतात. तेव्हा त्या दोन गुणांचा जाब मागायला काकांना अधिकच जोर चढतो. लग्नाच्या अल्बमपासून बाळाच्या बारशापर्यंत सगळं आता फोनवर जगाला दाखवायचं असतं. आणि बायकांचं तर विचारूच नका. माझी एक मैत्रीण गेली कित्येक वर्षं कुणाला जेवायला बोलावत नाही. स्वभावाने माणूसवेडी, पण सोफ्याची खोळ जुनी आहे, भिंतीला ओल आली आहे, हे झालं की बोलावू, ते झालं की बोलावू. चकली हसली की हिचा चेहरा पडतो. डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९५३ मध्ये ‘पुरेशी चांगली आई’ अशी कल्पना मांडली होती. मूल वाढतं तसतशी जी आई त्याची प्रत्येक गरज तत्क्षणी भागवणं हळूहळू सोडत जाते, तीच त्याला जगाशी जुळवून घ्यायला शिकवते, असं त्याचं म्हणणं. सगळं अचूक करणारी आई त्याला हवीच नव्हती. हे आपल्याकडे डोहाळजेवणातच सांगायला हवं.

मग यावर उपाय काय? आपला घरगुती उपाय म्हणजे, ‘सोडून दे ना, एवढं काय मनावर घेतेस!’ सल्ला प्रेमाचा, पण निरुपयोगी. वैद्यबुवांनी औषधाची पुडी देताना ‘घेताना माकडाची आठवण काढायची नाही’ अशी अट घातली, आणि मग रोग्याला माकडाशिवाय काही आठवेना, ही गोष्ट आपण लहानपणीच ऐकलेली असते. १९८७ साली डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ती जवळजवळ तशीच प्रयोगात उतरवली. माकडाऐवजी पांढरं अस्वल घेतलं, एवढंच. अस्वलाचा विचार करू नका म्हणून सांगितलेल्या लोकांच्या मनात अस्वल येतच राहिलं. ‘चूक होईल’ हा विचार असाच आहे. त्याला हाकलायला उठलात की तो उंबऱ्यावर बसतो.

दुसरा मार्ग वाद घालण्याचा. अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती महाराष्ट्रात पुष्कळांना माहीत आहे, कारण कि. मो. फडके यांनी ती मराठीत आणण्यासाठी आयुष्य वेचलं. ‘झालंच पाहिजे’ या हट्टाचं ‘झालं तर बरं’ या इच्छेत रूपांतर करायचं, आणि त्यासाठी आपल्याच विचारांची उलटतपासणी घ्यायची. असंख्य लोकांना याचा फायदा झाला आहे. मला स्वतःला या पद्धतीविषयी आदर आहे. पण परफेक्शनिस्ट माणूस उलटतपासणीही परफेक्ट करायला बसतो, अशी एक भानगड होऊ शकते. ‘मी पुरेशी विवेकी झाले का?’ हा नवा ताळा सुरू होतो.

तिसरा मार्ग आहे स्वीकाराचा. स्टीव्हन हेज या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर तो बांधला. त्यांचं मुख्य पुस्तक १९९९ साली निघालं. ‘अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी’ हे त्याचं नाव, आद्याक्षरांचा उच्चार ‘अ‍ॅक्ट’, म्हणजे कृती. हेज यांना तरुण प्राध्यापक असताना, विभागाच्याच एका बैठकीत, भीतीचा तीव्र झटका आला होता आणि तोंडातून शब्द फुटेना, हे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं आहे. समोर बसलेले सगळे मानसशास्त्राचे प्राध्यापक! गंमत नाही, पण गंमत आहेच. भीतीशी लढून ती वाढते, हे ते स्वतःच्या अंगावरून शिकले. जपानमध्ये शोमा मोरिता या मनोविकारतज्ज्ञाने १९१९च्या सुमारास जवळपास याच दिशेची उपचारपद्धती सुरू केली होती. मनात जे येतं ते जसं आहे तसं असू द्यावं आणि हाताला काम द्यावं, हे तिचं सूत्र.

‘अ‍ॅक्ट’मध्ये बसचा एक दाखला देतात. आपण तो एस.टी.चा करू. तुम्ही चालक आहात. मागे एक प्रवासी सारखा ओरडतोय, ‘चुकतंय! लोक हसतील! परत फिरव!’ त्याला उतरवायला तुम्ही गाडी थांबवून मागे गेलात की गाडी थांबली. त्याचं ऐकून वळवलीत की भलत्याच गावाला गेलात. तो ओरडत असतानाच स्टिअरिंगवर हात ठेवून, ज्या गावाची पाटी लावली आहे तिकडे जायचं, एवढंच आपल्या हाती आहे. पाटीवर गाव कोणतं, हे मात्र आपण ठरवलेलं हवं. पद्धतीचं सगळं मर्म या पाटीत आहे.

हे मी पुस्तकातून कमी आणि माझ्या भाचीकडून जास्त शिकले. पुण्यात आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला असताना तिचं घोडं अडलं. शीट्स पुऱ्या होत, पण सबमिशनच्या आदल्या रात्री ती त्या फाडून नव्याने सुरू करी. ज्युरीसमोर रिकाम्या हाताने उभं राहण्यापेक्षा न जाणं बरं, म्हणून दोनदा गेलीच नाही. वजन उतरलं, फोन उचलणं बंद झालं. कॉलेज सोडायचं पत्रही तिने लिहून ठेवलं होतं. तेही मनासारखं उतरलं नाही म्हणून द्यायचं राहिलं, असं ती आता हसत सांगते. माझ्या बहिणीला तेव्हा रात्र-रात्र झोप नव्हती.

समुपदेशक बाईंकडे दोन-तीन बैठका झाल्यावर मी तिला विचारलं, तर म्हणाली, ‘मावशी, तू छान काम करतेस असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत गं.’

‘मग काय म्हणाल्या?’

‘विचारलं, तुझ्या मनातलं हे बोलणं गप्प झालं तर तू काय करशील? मी म्हटलं, शीट पूर्ण करीन. तर म्हणाल्या, मग ते बोलत असतानाच कर.’

पुढचे काही महिने दिसायला साध्या, करायला अवघड अशा गोष्टींत गेले. ‘हे भिकार झालंय’ असं मनात आलं की त्याच्या आधी चार शब्द जोडायचे: ‘माझ्या मनात विचार आलाय की हे भिकार झालंय.’ विचार खरा की खोटा, या वादात पडायचं नाही. तो विचार आहे, एवढं ओळखायचं. एक शीट ठरलेल्या वेळेत संपवायची, वेळ संपली की त्या अवस्थेत द्यायची, आणि नंतर छातीत जी धडधड होईल ती बसून पाहायची. तिला शांत करायला पुन्हा फाइल उघडायची नाही. पहिल्यांदा तिला तासभर रडू आलं. आणि एक प्रश्न बाईंनी पुन्हा पुन्हा विचारला, ‘तू या अभ्यासक्रमाला आलीस कशासाठी?’ बऱ्याच दिवसांनी तिला आठवलं, की आमच्या आजोळच्या कोकणातल्या घरात पडवीत दुपारी जो उजेड येई, तो कसा येतो हे तिला लहानपणी समजून घ्यायचं होतं. शिक्षकांचे शेरे त्यात कुठेच नव्हते.

या पद्धतीचे फार ढोल वाजवू नयेत. परफेक्शनिझमवर तिचा प्रयोग अमेरिकेतल्या युटा राज्य विद्यापीठात झाला. २०१९ साली त्याचे निष्कर्ष आले. पन्नासेक माणसं, दहा बैठका, आणि तुलना होती ती प्रतीक्षायादीवरच्या लोकांशी. उपचार घेतलेल्यांचा त्रास कमी झाला, हे खरं. पण एवढ्यावरून बाकीच्या पद्धती बाद होत नाहीत. शिवाय अशा स्वभावाच्या पोटात कधी नैराश्य असतं, कधी मंत्रचळ, कधी खाण्यापिण्याचे विकार. तिथे लेख वाचून भागत नाही, डॉक्टर लागतो. जवळपास कुणी नसेल तर केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेली टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १४४१६. तिथे मराठीतही बोलता येतं.

स्वीकार म्हटलं की आपल्याकडे एक शंका लगेच येते. रस्त्यांना खड्डे, सरकारी दाखल्यात नाव चुकलेलं, नव्या इमारतीला पहिल्याच पावसात गळती. अशा देशात ‘चूक स्वीकारा’ म्हणून सांगायचं? इथे अजून थोडे परफेक्शनिस्ट नकोत का? शंका रास्त आहे, पण नेम चुकला आहे. स्वीकारायची असते ती आतली धडधड. खड्डा स्वीकारायला कुणी सांगत नाही. तो बुजवायचाच असतो. बेफिकीर माणूस काम वाईट करून टाकून देतो, परफेक्शनिस्ट ते देतच नाही. शिवणयंत्राची वाट पाहणाऱ्या बाईंच्या लेखी दोघे सारखेच.

ज्या व्यवसायांत चूक परवडत नाही, तिथे तर माणूस चुकणार हे आधीच गृहीत धरतात. बँकेत नोंद एकाने करायची आणि दुसऱ्याने तपासून मंजूर करायची, हा पक्का नियम. त्यात नोंद करणाऱ्याचा अपमान कुणाला वाटत नाही. न उलगडलेली रक्कम सस्पेन्स खात्याला टाकतात. तारीख, रक्कम, कारण लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटर उघडायचं. (ते खातं वर्षानुवर्षं तसंच ठेवलं तर ऑडिटर कान धरतो, हेही सांगितलं पाहिजे.) जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासयादी काढली. रोगी कोण, शस्त्रक्रिया कुठल्या बाजूला, इतके बाळबोध प्रश्न. नामांकित शल्यचिकित्सकांना ते विचारायचे! आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. ‘मी चुकणार नाही’ म्हणणाऱ्या हातांनी ते आलं नसतं.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ हा या बाबतीत माझा आवडता माणूस. छपाईची अक्षरं मनासारखी दिसेनात म्हणून स्वतःचं पुस्तक लिहिणं बाजूला ठेवून त्याने अक्षरजुळणीची सगळी प्रणालीच नव्याने रचली. म्हणजे बिनचूकपणाचं वेड कमी नव्हतं. पण पुस्तकात चूक दाखवणाऱ्याला तो २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश पाठवायचा. लोक तो वटवत नसत, चौकटीत घालून भिंतीवर लावत. पुढे खातेक्रमांकांचा गैरवापर होऊ लागल्यावर, २००८ पासून, तो एका काल्पनिक बँकेचं प्रमाणपत्र देऊ लागला. आयुष्यभर खरे धनादेश हाताळलेल्या मला ही बँक फार आवडते.

आणि आपल्याकडेही हे शहाणपण होतंच की. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास सगळा लेखनक्रियेवर आहे. अक्षर गोल असावं, ओळी सरळ असाव्यात, पहिलं अक्षर जसं तसं शेवटचं असावं. समर्थांनी काही म्हणजे काही सोडलेलं नाही. नीटनेटकेपणाचा हा वारसा मला प्रिय आहे. पण त्याच मराठीत छापलेल्या जुन्या पुस्तकांच्या शेवटी शुद्धिपत्र असे: पान अमुक, ओळ तमुक, अशुद्ध, शुद्ध. चुका झाल्या, त्या या, आणि पुस्तक हे घ्या. लेखकाने पुस्तक अडवून ठेवलेलं नसे. माझ्याही एका कादंबरीत एका पात्राचा चष्मा तिसऱ्या प्रकरणात आहे आणि सातव्यात नाही. एका वाचकाने कळवलं, मी त्यांना आभाराचं कार्ड पाठवलं, आणि दुसऱ्या आवृत्तीत चष्मा परत आला.

भाची आता कोल्हापुरात एका आर्किटेक्टकडे काम करते. पदवी वर्षभर उशिरा मिळाली. मनातलं ते बोलणं थांबलेलं नाही, असं ती स्वतःच सांगते. काही आठवडे चांगले जातात, काही नाहीत. गेल्या रविवारी फोनवर आमचं याच विषयावर बोलणं चाललं होतं, तेवढ्यात तिला साइटवरून गवंड्याचा फोन आला म्हणून तिने माझा ठेवला. जिन्याच्या एका पायरीची उंची नकाशात चुकली होती, ती त्याला लगेच सांगायची होती.